आठ-शून्यवरून चितपट

८-० ने पुढे असलेला पोरगा पहिल्याच राउंडमध्ये चितपट होतो आणि होताना त्याला कळतही नाही की आपण हरतोय. ही कुस्ती मी मोबाईलवर इतक्या वेळा बघितली की बायको म्हणाली आता बंद करा, नाहीतर फोन विहिरीत टाकते.

मी मूळ गडहिंग्लजकडचा, तालमीत वाढलेला, आता बरीच वर्षं गोव्यात. सकाळी म्हापशाला पोरांना गादीवरची कुस्ती शिकवतो आणि काही संध्याकाळी असगावात एका ब्राझिलियन जुजुत्सूच्या (जमिनीवर धरून, गळा-सांधा आवळून समोरच्याला हार मानायला लावायची कुस्ती) जिममध्ये टेकडाउनचा, म्हणजे उभ्याला पाडायचा, क्लास घेतो. खरं सांगायचं तर घर दुसऱ्यावर चालतं. तिथे निम्मे परदेशी, बाकीचे मुंबई-बंगळूरहून लॅपटॉप घेऊन आलेले, उत्साह दांडगा पण एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढायला खाली बसा म्हटलं की सगळ्यांचे गुडघे एकदम दुखायला लागतात. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पोरांना दमवणं. अहो, निम्मा वेळ गादी पुसण्यात जातो. पावसात गी, म्हणजे जुजुत्सूचा जाड पोशाख, दोन-दोन दिवस वाळत नाही, लोक ओलीच घालून येतात, आणि एकाला नायटा झाला की बघता बघता सगळ्यांच्या मानेवर.

असो. पोरगा पेडण्याचा, ६५ किलोत फ्रीस्टाइल खेळतो. लहानपणापासून काकाच्या हाताखाली तयार झालेला, आणि काका अस्सल मातीतला माणूस. मागच्या वर्षी हा माझ्याबरोबर असगावात यायला लागला. सुरुवातीला त्याचे हाल बघवत नव्हते. समोरच्याला पाडायचा सहज, पण स्वतः अडचणीत आला की पटकन पोटावर वळायचा, कारण पाठ लागू द्यायची नाही हे कुस्तीगिराच्या हाडातच असतं. जुजुत्सूत याच्या बरोब्बर उलटं. पोटावर वळलात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही पाय आत घालतो, त्याचे ४ गुण, आणि मग हात गळ्याखाली. पाडल्याचे मात्र दोनच. त्यामुळे हा बिचारा पाडून पाडून गळाच देत होता. तिथल्या कोचने महिनोन्महिने घासून त्याच्याकडून बसवून घेतलं: फिरवला की समोर वळ, गुडघा मध्ये घाल, पाय त्याच्या कमरेला बांध, आणि श्वास घे. गार्ड म्हणतात त्याला. पोरगा पाठीवर निवांत पडायला शिकला आणि आम्ही सगळे खूष.

मग निवड चाचणी. वजनं सकाळी सातला, पहिली कुस्ती दुपारी साडेबाराला, का तर पाहुणे यायचे होते. वजनासाठी रात्रभर पाणी तोडलेली पोरं तोवर केळी खात भिंतीला टेकून बसली. आपल्याकडे गादीपेक्षा स्टेज मोठं, हे कधी बदलायचं नाही.

कुस्ती सुरू झाली आणि पोराने जे काढलं ते बघून मला भरून आलं. एकेरी पट, दोन गुण. लगेच भारंदाज, म्हणजे खाली पडलेल्याला मागून मिठी मारून उलटवायचं, दर पलटीला दोन गुण. आता भारंदाज सगळेच मारतात पण बहुतेक पोरं हाताच्या जोरावर ओढतात आणि तिथेच अडकतात. याने पकड बरगड्यांच्या खाली नेली, कान त्याच्या पाठीला चिकटवला, मधली हवा जाईल इतकं आवळलं, आधी एक पाय वर घेऊन कंबर त्याच्या कमरेखाली सारली आणि मग पूल टाकला, म्हणजे पाठीची कमान करून त्याला उलटवला. एकदा, दोनदा, तीनदा, मध्ये पकड सुटलीच नाही. हे आवळणं, समोरच्याच्या अंगाला गोचिडीसारखं चिकटून राहणं, त्याला असगावातच मिळालं, हे मी छातीठोक सांगतो. ८-०. चौथ्याला पकड निसटली, पंचाने उभं केलं. अजून दोन गुण की दहाचा फरक, कुस्ती खलास.

तो परत पटात घुसला. थोडा लांबून घुसला. समोरच्याने पाय मागे टाकून वजन दिलं, मान आणि दंड धरला आणि फिरवला. इथे काय करायचं हे दहा वर्षांचं पोरही सांगेल. पोटावर ये, नाहीतर पूल टाक. फार तर दोन गुण गेले असते, ८-२, काही बिघडत नव्हतं. हा वळला समोरच्याकडे. गुडघा मध्ये, पाय कमरेला, घोटे एकमेकांत अडकवले, जे कुस्तीत मुळात चालतच नाही. आणि खांदे गादीवर टेकून शांत पडला. मी ओरडतोय, काका ओरडतोय, पंच आडवा होऊन खांद्याखाली बघतोय, आणि याने व्हिडिओत स्पष्ट दिसतंय असा एक लांब श्वास सोडला. त्याला वाटलं वाचलो. पंचाने गादीवर हात आपटला.

पंच चुकला म्हणणारे बरेच भेटले. नाही चुकला. समोरचा पुढे फायनलला गेला असता तर रिपेचाजमधून, म्हणजे फायनलिस्टकडून हरलेल्यांना मिळते त्या दुसऱ्या संधीतून, ब्राँझची तरी आशा होती, नोकरीच्या कोट्याला सर्टिफिकेट लागतं, पण तो सेमीतच पडला.

काका माझ्याकडे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमीं ताका हें कितें शिकयलां?" मी म्हटलं, दादा, ते पहिले आठ गुण कुठून आले ते पण विचारा ना. ऐकतोय कोण. त्याच्या मते जुजुत्सू हा विदेशी लोकांचा टाइमपास. एका जपानी ज्युदोवाल्याने, मित्सुयो माएदाने, ब्राझीलमध्ये जाऊन ग्रेसी घराण्याला शिकवलं तिथून हे सगळं सुरू झालं, असं सांगायला गेलो तर म्हणाला, मग ज्युदोच शिकव.

पण राग ओसरल्यावर मलाही तेच खुपतंय. नवीन डाव शिकल्याने जुना विसरत नाही, हे मी शंभर पोरांत बघितलंय. इथे डाव विसरलेला नव्हता, भीती गेली होती. पाठ लागण्याची भीती काकाने वर्षानुवर्षं माती खायला लावून घातलेली, आणि ती काही महिन्यांत काढता आली, तर ती फक्त एका गादीपुरती परत घालायची कशी? दम असतो तेव्हा डोकं नियम आठवतं. दम गेला की अंग जे शेवटचं शिकलंय तेच करतं, त्याला कुठल्या गादीवर आहोत ते कळत नाही.

सध्या एक करतोय. प्रॅक्टिसच्या शेवटी, पोरं पूर्ण थकल्यावर, जोडीदाराला त्याला फिरवायला लावतो आणि हवेत असतानाच ओरडतो, "कुस्ती" किंवा "गार्ड". त्याने त्याप्रमाणे पडायचं. निम्म्या वेळा चुकतो. परवा असगावात तर भलतंच झालं, रोल, म्हणजे सरावाची लढत, करताना कुणी काही न ओरडताच पोटावर वळला आणि एका योगा टीचर बाईने मागून गळा लावून त्याला टॅप करायला, म्हणजे थाप मारून हार मानायला लावलं.

काकाला सांगितलं. म्हणाला, "बरें जालें."