पावसाळी डोंगरांचा निळा-करडा मोजायचं चक्र : आतापर्यंतची प्रगती

चक्राच्या तिन्ही रिंगा रंगवून झाल्या, नीट वाळल्या आणि आता ते हातात धरून डोंगरासमोर उभं राहता येतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, जलरंगात पावसाळी सह्याद्री रंगवताना आपण सगळे ग्रे म्हणून जे काही लावतो त्यात निळा नक्की किती आणि राखी किती हे अंदाजाने न ठरवता समोर धरून जुळवता यावं एवढाच उद्देश. गोल पुठ्ठा, त्यावर रंगाचे खाने, प्रत्येक खान्याला नंबर.

मूळ कल्पना फार जुनी आहे. जिनिव्हाचा सोस्यूर, आल्प्सचं प्रचंड वेड असलेला शास्त्रज्ञ, त्याने १७८९ मध्ये आकाशाचा निळेपणा मोजायला सायनोमीटर केला होता. प्रशियन ब्लूने रंगवलेल्या पन्नासच्या वर कागदी पट्ट्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत क्रमाने गोलात लावलेल्या, आकाशासमोर धरायच्या आणि जुळेल तो नंबर लिहून घ्यायचा. पुढे जर्मन निसर्गअभ्यासक हम्बोल्टने तेच यंत्र दक्षिण अमेरिकेत अँडीजपर्यंत नेलं. हवेत किती बाष्प आणि बारीक कण तरंगतायत हे आकाशाच्या रंगावरून कळेल असं सोस्यूरचं म्हणणं होतं आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, की रंगाची पट्टी हवेबद्दल काहीतरी सांगते.

पण त्याच्या चक्रात एकच दिशा आहे, फिक्यापासून गडदापर्यंत. आपल्या पावसाळ्याला तेवढं पुरत नाही. पौडच्या पुढे मुळशीच्या पाण्याकाठी उभं राहिलं की समोर एकामागे एक डोंगराच्या रांगा, आणि दोन रांगा अगदी सारख्याच फिक्या असल्या तरी एक निळी दिसते आणि दुसरी राखी. हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात त्यामुळे डोंगर आणि आपण यांच्यात नुसती स्वच्छ हवा असेल तर लांबचा डोंगर निळा होत जातो. धुक्याचे थेंब मात्र प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं आलं की निळा धुऊन निघतो आणि राहतो तो पांढुरका राखी. म्हणजे पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासातला डोंगर आणि ढग खाली उतरताना दिसणारा तोच डोंगर यांच्यात फरक नुसता फिका-गडद इतकाच नाही, जातच वेगळी आहे. चित्रात हवा खोटी वाटते ती बहुतेक वेळा इथे, सगळ्या रांगांना एकाच ग्रेमध्ये पाणी वाढवत नेल्यामुळे.

म्हणून तीन रिंगा. बाहेरची निळ्याकडे झुकणारी, मधली पारवा, आतली राखी. प्रत्येकीत ८ खाने, १ सगळ्यात फिका आणि ८ सगळ्यात गडद. वाचन लिहायचं ते रिंगेचं पहिलं अक्षर आणि खान्याचा नंबर, 'पा ५' किंवा 'नि ३' असं.

रंग कुठला घ्यायचा यावर बराच विचार केला. रेडीमेड पेन्स ग्रे सगळ्यांकडे असतोच, विल्यम पेन या इंग्रज जलरंगकाराच्या नावाचा, पण आज प्रत्येक कंपनी तो वेगळा बनवते, कोणी अल्ट्रामरीन आणि काळा, कोणी थॅलो ब्लू, काळा आणि वर जांभळा. तुमचा पेन्स ग्रे आणि माझा पेन्स ग्रे एकच असेल याची काहीच गॅरंटी नाही. शिवाय तो वाळल्यावर जो उतरतो, ओला असताना मस्त गडद ढग आणि वाळला की निम्मा. झटपट टोनल स्केचला मला तो आजही आवडतो, पण मोजपट्टीसाठी नको. इंडिगोचंही तेच, ट्यूबवर नाव इंडिगो आणि आत बहुतेकदा दुसराच निळा आणि काळा.

शेवटी जोडी ठरली ती आपली सगळ्यांची लाडकी, अल्ट्रामरीन निळा म्हणजे पीबी २९ आणि बर्न्ट सिएना ही तपकिरी माती, पीबीआर ७ वाली (हे ट्यूबवर छापलेले पिगमेंटचे, म्हणजे रंगद्रव्याचे कोड). ट्यूबवरचा कोड बघूनच घ्या हं, कारण काही कंपन्या बर्न्ट सिएना नावाखाली पीआर १०१ देतात, तोही चांगला रंग आहे पण जास्त नारिंगी, मग मिश्रणाचं प्रमाण बदलतं. ही जोडी चालते कारण भाजलेली सिएना मुळात मंद नारिंगी, आणि नारिंगी समोर आला की निळा शांत होतो. नुसतं प्रमाण हलवलं की निळ्यापासून पारव्यापर्यंत, तिथून राखीपर्यंत आणि पुढे तपकिरीपर्यंत सगळा प्रवास याच दोन ट्यूबमध्ये होतो, काळ्याला हात लावावा लागत नाही. आणि अल्ट्रामरीन स्वस्त आहे! कधीकाळी तो अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या लाजवर्दातून यायचा आणि सोन्याच्या तोडीने विकला जायचा, १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने तो कारखान्यात बनवायची रीत काढली म्हणून आज आपण ढगांवर तो वाटीवाटीने ओततो.

आता खाने. आधी दाट मिश्रण केलं आणि ड्रॉपरने एकास एक पाणी घालत पातळ करत गेलो, त्यातलं अर्धं घेऊन परत तितकंच पाणी, असं. फिक्या बाजूला हे सुंदर चालतं, दर पायरी डोळ्याला सारख्या अंतराची वाटते. गडद टोकाला मात्र कागद भरून जातो, रंग कितीही दाट केला तरी ७ आणि ८ सारखेच दिसतात, म्हणून वरचे दोन खाने थर देऊन केलेत, पहिला पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर दुसरा. शेजारचे दोन खाने हात लांब करून धरल्यावर जेमतेम वेगळे ओळखू यावेत हा निकष.

एक गोष्ट मुद्दाम जवळून बघण्यासारखी आहे. मधल्या रिंगेचा चौथा खाना भिंगाखाली धरला तर तिथे ग्रे नावाचा रंग नाहीच. कागदाच्या खळग्यांत अल्ट्रामरीनचे निळे कण रव्यासारखे बसलेत, उंचवट्यांवर सिएनाची हलकी उबदार झाक आहे, आणि कडेला जिथे पाणी शेवटी वाळलं तिथे तपकिरी रेघ सरकून आलीय. लांबून डोळा हे सगळं एकत्र करतो आणि आपण म्हणतो पारवा. आणि हे कण बसायला वेळ लागतो, म्हणूनच जुलैच्या दमट हवेत जे ग्रॅन्युलेशन, म्हणजे असा रवाळ पोत, मिळतं ते एप्रिलमध्ये मिळत नाही, कागद सावकाश वाळतो, कण निवांत खाली बसतात. त्यामुळे हेअर ड्रायर अजिबात वापरलेला नाही. कागद ३०० जीएसएमचा कॉटन कोल्ड प्रेस, म्हणजे जाड, किंचित खडबडीत सुती कागद, आणि पॅड प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, कारण पावसाळ्यात बुरशीने सायझिंग, म्हणजे कागदाला पाणी लगेच शोषू न देणारी खळ, गेली की तेवढ्या जागेत रंग टिपकागदासारखा शोषला जातो आणि तो खाना बादच.

प्रत्यक्ष डोंगरासमोर वापरताना मजा वेगळीच. नुसतं चक्र समोर धरून जुळत नाही, कारण आजूबाजूचे रंग डोळ्याला फिरवतात. लावणी झालेली भातखाचरं खाली, त्यांचा तो पोपटी हिरवा, आणि वर करड्या डोंगराची रांग, की ती रांग चक्क जांभळट दिसते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेवरोलने १८३९ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ विणकाम कारखान्यातल्या लोकरीवरून नेमकं हेच लिहून ठेवलंय, शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा बाजूच्यावर टाकतो. उपाय सोपा, तटस्थ करड्या कार्डाला दोन भोकं, एकातून डोंगर आणि दुसऱ्यातून खाना. मुळशीच्या त्या जांभळट रांगेला भोकातून बघितलं तर ती साधी 'रा ४' निघाली, जांभळ्याचा मागमूस नाही! चित्रात तिला जांभळा लावायचा का मग? माझं मत स्पष्ट आहे, नाही. 'रा ४' लावा आणि खाली खाचराचा हिरवा खराखुरा लावा, जांभळा आपोआप दिसेल, आणि तो लावलेल्या जांभळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो.

फोनच्या फोटोवर तर जाऊच नका. ऑटो व्हाइट बॅलन्स ढगाळ दिवशीचा सगळा निळा काढून टाकतो, किंवा मूड आला तर वाढवतो, एकाच जागेवरून एका मागोमाग काढलेले दोन फोटो दोन रिंगांत जातात.

मामांचं गाव तिकडेच, मुळशी तालुक्यात. त्यांना चक्र दाखवलं तर ते उलटसुलट करून बघत म्हणाले, "अरे, हे कशाला पाहिजे, डोंगर जवळ आला की पाऊस येतो." डोंगर जवळ येतो म्हणजे कसा दिसतो असं विचारलं तर म्हणाले, "काळानिळा होतो, झाडनझाड मोजता येतं." मग त्यांच्या पडवीतून दिसणारी एकच रांग धरून वाचनं घ्यायला लागलोय, सकाळ-दुपार-संध्याकाळ, मी नसेन तेव्हा मामाच घेतात आणि कॅलेंडरवर लिहून ठेवतात. ढग डोक्यावर असतील पण दरीत धुकं नसेल तेव्हा ती रांग 'नि ६' पर्यंत जाते, कडा एकदम धारदार. धुकं शिरलं की 'रा २', आणि मधली पायरी फार कमी वेळ टिकते. मामांचा नियम बरोबर की नाही हे एवढ्यावरून सांगता येणार नाही, पण त्यांचं 'जवळ येणं' माझ्या चक्रावर बाहेरच्या रिंगेत जातं एवढं मात्र नक्की दिसतंय.

ओला कातळ हा वेगळाच विषय निघाला. आपला बेसॉल्ट कोरडा असताना 'रा ५' च्या आसपास, आणि भिजला की थेट ८ च्या पलीकडे. खडबडीत दगडावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसला की पृष्ठभागावरून विखुरणारा प्रकाश कमी होतो, म्हणून तो काळा पडतो, आणि त्याच पापुद्र्यात वरचं आकाश चमकतं म्हणून काळ्यावर निळसर झाक. एकाच दगडात 'नि ३' आणि ८ शेजारी शेजारी. इथे मिश्रण लावून भागत नाही, आधी फिका निळा वॉश, तो वाळल्यावर त्यावर कोरड्या ब्रशने गडद ओढायचा आणि चमकीच्या जागा तशाच सोडायच्या. ताम्हिणीच्या कातळाची दोन छोटी स्टडीज अशी केलीत आणि दगड पहिल्यांदा खरंच ओला वाटतोय.

खिडकीत सापडलेलं पारव्याचं पीससुद्धा लावून बघितलं, पंखाचं. बरोब्बर 'पा ४', मधल्या रिंगेला पारवा म्हणत होतो ते सार्थकी लागलं. मानेच्या पिसाचं मात्र कुठल्याच खान्याशी जमत नाही, ते वळवलं की हिरवं आणि परत वळवलं की जांभळं, तो रंग पिसाच्या बारीक रचनेतून येतो, आपल्या पिगमेंटच्या हातात तो नाही.

पुढचं काम म्हणजे दुसऱ्या जोड्यांची पट्टी. कोबाल्ट निळा आणि लाइट रेड या मातकट लालाची मऊ राखी आत्ताच खूप आवडायला लागलीय, लांबच्या रांगांना ती अल्ट्रामरीनपेक्षा जास्त शोभते असं वाटतंय. सेरुलियन हा आकाशी निळा आणि सिएना धुक्यासाठी. प्रशियन ब्लू आणि सिएना करून बघितलं, हिरव्याकडे जातं, कण अजिबात बसत नाहीत, सपाट आणि कागदाला घट्ट धरून राहणारं, त्यामुळे रानाच्या डोंगराला नको पण पाण्याच्या खोल सावलीला उत्तम. फक्त प्रशियन ब्लू उजेडात थोडा उतरतो आणि अंधारात ठेवला की परत येतो, म्हणून ती पट्टी वहीत बंद राहील, भिंतीवर नाही.

डिसेंबरमध्ये याच पडवीतून वाचनं घ्यायची आहेत. तेव्हा हवेत थेंबांऐवजी धूळ आणि धूर, करडा तपकिरीकडे झुकतो, म्हणजे चौथी रिंग लागणार, सिएना जास्त आणि निळा कमी. कोकण किनाऱ्यावर किंवा विदर्भात कोणी रंगवत असेल तर याच दोन ट्यूब, हेच एकास एक पाणी, आणि समोरची एकच ठरलेली जागा एवढं धरून आपलं चक्र करा, खान्यांचे नंबर असेच ठेवा, म्हणजे समुद्रावरचा 'नि ४' आणि घाटातला 'नि ४' शेजारी ठेवून बघता येईल.