खासबागेतले मैदान सुटते तेव्हा

गेल्या फेब्रुवारीत आमच्या तालमीने कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्यांचे मैदान भरवले आणि वाहतुकीची जबाबदारी माझ्याकडे आली. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या या मैदानात सुमारे ३० हजार माणूस बसते आणि कुठूनही हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, स्वच्छ दिसतो. मात्र बिंदू चौक ते मिरजकर तिकटी हा बाहेरचा परिसर आजही जुन्या पेठांच्या मापाचाच आहे. त्यातून मैदान रविवारी होते, म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगावच्या गाड्याही त्याच रस्त्यांवर येणार होत्या.

शहर वाहतूक शाखेत अर्ज आणि नकाशा घेऊन गेलो. कोणता रस्ता कधी बंद, वळण कुठून, हे सगळे मी रंगीत पेनाने आखले होते. अधिकाऱ्यांनी तो नकाशा शांतपणे पाहिला आणि विचारले, "येताना लोक चार तासांत थोडे थोडे येतील. सुटताना सगळे एकदम बाहेर पडतील, तेव्हा तुमची माणसं कुठं उभी असणार?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार असा तात्पुरता बदल करता येतो, पण लोकांना त्याची आधी माहिती द्यावी लागते, हेही त्यांनीच समजावले.

परत येऊन आम्ही गावोगावच्या तालमींना फोन केले आणि किती जण, कशाने, कोणत्या बाजूने येणार ते वहीत उतरवून घेतले. खरा नकाशा त्या वहीतून तयार झाला. कागल आणि हातकणंगले बाजूच्या गाड्या दसरा चौकात, राधानगरी आणि पन्हाळा बाजूच्या गांधी मैदानात आणि दुचाकी पेटाळा मैदानावर, असे ठरले. ज्या बाजूने गाडी येते त्याच बाजूला ती लावली, तर सुटल्यावर तिला शहर ओलांडावे लागत नाही. एवढी साधी गोष्ट मला पहिल्या दिवशी सुचली नव्हती याची खंत वाटते. आदल्या रात्री पोरांनी फक्की (पांढरी भुकटी) मारून रांगा आखल्या आणि मैदानाच्या दारापासून सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दिशेने रुग्णवाहिकेसाठी दोर बांधून एक पट्टा मोकळा ठेवला.

दुपारी तीननंतर वडापच्या, म्हणजे सवाऱ्या भरून नेणाऱ्या खासगी जीपा मिरजकर तिकटीवरच माणसे उतरवू लागल्या आणि तिथेच पुढच्या सवाऱ्यांची वाट पाहत थांबल्या. वाहतूक पोलीस आणि आमची पोरे त्यांना पुढे काढण्यात गुंतली असताना मंडपाचे साहित्य आणणारा एक टेंपो दोराच्या आत येऊन उभा राहिला. चालक जागेवर नव्हता. त्याच सुमारास एका पैलवानाचा खांदा निखळला. आठ-दहा जणांनी टेंपो ढकलून बाजूला केला आणि रुग्णवाहिका निघाली, पण मधली ती सात-आठ मिनिटे मी विसरू शकत नाही. दोर बांधला होता, मात्र त्याच्याजवळ माणूस ठेवला नव्हता. ती चूक माझी होती.

संध्याकाळी पहिल्या क्रमांकाची कुस्ती निकाली झाली आणि सगळे मैदान एकदम उठले. दसरा चौकाकडे जाणाऱ्यांनी आधी निघावे, इतरांनी दहा मिनिटे बसावे, असे निवेदक सांगत होते, तरी कोणी बसेना. तेव्हा आमच्या वस्तादांनी हलगीवाल्यांना हौद्यात बोलावले आणि विजयी पैलवानाला खांद्यावर घेऊन एक फेरी काढायला लावली. हलगी, घुमके आणि कैताळ कडाडले तशी निम्मी माणसे जागेवरच थांबून पाहू लागली आणि तेवढ्या वेळात दसरा चौकाकडचा रस्ता बराच मोकळा झाला. दुसऱ्या फेरीनंतर गांधी मैदानाकडची माणसे निघाली.

साडेनऊच्या सुमारास केएमटीची शहर बस तिकटीवरून नेहमीच्या मार्गाने गेली, तेव्हा आम्ही दोर सोडायला घेतले.