दसऱ्याआधीची यादी

आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. त्यामुळं २०१४ साली गरोदरपणाच्या तपासणीत माझा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, मग ह्यांचाही आला, तेव्हा घरात पहिला प्रश्न आजाराचा नव्हताच. उचल घरावरच्या पत्र्यात गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "आता फिटायची कशी?"

समुपदेशक ताई बरंच काही सांगत होत्या. माझ्या कानात एकच शिरलं, लेकरू वाचू शकतं. गरोदर बाईचा सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असो, तिला लगेच गोळ्या सुरू करायच्या, असं धोरण त्याच वर्षी आलं होतं. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांचं केंद्र आहे, तिथून फुकट गोळ्या मिळायच्या. रात्री एकच गोळी, पण ती घेतली की घर फिरायचं आणि स्वप्नं अशी पडायची की सांगायची सोय नाही. आता टीएलडी ही नवी गोळी आली, तिच्यात तो त्रास तितका नाही.

बाळंतपणात एका दवाखान्यात माझी खाट कोपऱ्यात सरकवली आणि कागदावर लाल शाईनं लिहिलं. येणारा-जाणारा वाचत होता. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करायला आता मनाई आहे. तेव्हा माझ्याजवळ फक्त ओढणी होती, तीच मी कागदावर टाकून ठेवायचे.

पोरीला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरापिन हे औषध पाजलं. मग टाचेतून रक्त घेतलं. ते निगेटिव्ह आलं, पण खरा निकाल अठराव्या महिन्यात. ती शिंकली तरी माझ्या पोटात गोळा यायचा. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली त्या दिवशी मी केंद्राबाहेर बसून दोन कप चहा प्याले. रडू आलं नाही, भूक लागली.

'एचआयव्हीनं मला जगायला शिकवलं' असं काही जण सभेत बोलतात. मला त्यानं काही शिकवलं नाही. मला कामाला लावलं ते ह्यांच्या टीबीनं.

मी तान्ह्या लेकराजवळ थांबले होते तेव्हा हे एकटेच, अर्धा कोयता म्हणून कारखान्यावर गेले. गोळ्या संपल्या. सुट्टी मागावी तर कारण सांगावं लागणार, आणि खाडा धरला जाणार तो वेगळाच. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हे तसेच राहिले. परत आले तेव्हा कमरेला करगोटा ढिला झाला होता. टीबीचा कोर्स झाला, एचआयव्हीची औषधं बदलावी लागली, पण माणूस उठला.

ह्यांच्यासोबत केंद्रात चकरा मारताना दिसलं, दिवाळीनंतर रांग आटते. गेले कुठं सगळे? सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. ताईंना म्हटलं, टोळ्या दसऱ्याच्या सुमाराला हलतात, गोळ्यांचं त्याआधी बघा. ताई म्हणाल्या, "मग तूच का नाही बघत?" आधी नुसतं सोबत बसायचे, पुढं मानधन मिळायला लागलं.

आता पोळा झाला की मी यादी काढते. कोण कुठल्या कारखान्यावर जाणार, जास्त महिन्यांच्या गोळ्या कुणाला देता येतील, व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती ते बघायची, तपासणी कुणाची राहिलीय. उपचाराची नोंद असलेलं हिरवं पुस्तक पिशवीच्या तळाशी ठेवायला सांगते. गोळ्या संपल्याच तर ते दाखवून तिकडच्या एआरटी केंद्रात विचारता येतं. पण खरी अडचण कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत असते. उसाच्या पाचटाच्या चार भिंती, शेजारची कोपी हातभर अंतरावर, आणि गोळ्यांची डबी वाजते. बायका तिच्यात कापूस कोंबतात, लेबल खरवडतात. गाडी भरायला रात्री दोनला उठायचं तर वेळ कुठली धरायची? मी म्हणते, संध्याकाळी भाकरी थापून झाली की पहिल्या घासाआधी. भाकरी तर रोजच होते.

नव्यानं लग्न झालेल्या पोरींना एक गोष्ट मी दोनदा सांगते. गोळ्या न चुकता घेऊन व्हायरल लोड मोजण्याइतकाही उरला नाही आणि तसाच राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पहिल्यांदा त्या मान खाली घालतात, दुसऱ्यांदा विचारतात, "खरंच का?"

हे अजून कुरकुरतात, "तुझी समाजसेवा झाली असंल तर वाढ." पण यादीतला एखादा गडी फोन उचलत नसला की तिकडच्या ओळखीच्या ड्रायव्हरला हेच फोन लावतात.

बायकांकडं बऱ्याचदा स्वतःचा फोन नसतो. मग मुकादमालाच फोन करावा लागतो आणि त्याला तर काही कळू द्यायचं नाही. मी सांगते, मी तिची अंबाजोगाईची मावशी. मागच्या हंगामात एका मुकादमानं विचारलंच, "मावशी, माझ्या एकट्या टोळीत तुमच्या तीन भाच्या. हायेत तरी किती?"

म्हटलं, "मोप हायेत. फोन दे तिला."