तुम्ही विचारलंत म्हणून: टाचेच्या रक्ताची टेस्ट आणि तिचा रेट

"ताई, बाळाच्या टाचेतून रक्त घेतात त्या टेस्टचा रेट सरकार ठरवत नाही का?" सोसायटीत कुणाची डिलिव्हरी जवळ आली की मला हे हमखास विचारतात, कारण माझ्या लेकीची थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नव्हती आणि ते याच टेस्टमुळे कळलं.

तर नाही ठरवत. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे नर्सिंग होमनं दरपत्रक लावायचं, पण दर किती असावा त्याला मर्यादा नाही. आम्ही तीन ठिकाणी विचारलं तर तीन आकडे, एक तर दुसऱ्याच्या तिप्पट, आणि त्यात कुठले आजार तपासणार हे धड कुणी सांगेना.

मला राग कशाचा येतो सांगू? रोज सकाळी मी थायरॉक्सिनची गोळी चमच्यात चुरते, दुधाच्या चार थेंबात कालवून तिला देते, त्या गोळीच्या किमतीवर केंद्राचं नियंत्रण आहे, ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि ही गोळी लागणार हे ज्या टेस्टनं कळतं तिला कसलंच बंधन नाही! बरं, जमत नाही म्हणावं तर कोविडमध्ये ४५०० ची आरटीपीसीआर जून २०२० मध्ये आपल्याच राज्य सरकारनं २२०० वर आणली होती, पुढे ५०० वर.

फक्त रेट कमी करा एवढंच मी म्हणत नाहीये हां. फिलिपिन्समध्ये २००४ सालीच नवजात बाळांच्या या टेस्टसाठी कायदा झाला. खर्च तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात धरायचा हे त्यात आहे, आणि मला सगळ्यात पटलेलं म्हणजे फीचे पैसे कशाकशावर खर्च व्हायचे हेही कायद्यातच लिहिलंय, म्हणजे नुसती तपासणी नाही, सॅम्पल पोचवणं, आईबापांना समजावणं, रिपोर्ट वाईट आला तर बाळाला गाठून फॉलोअप करणं, सगळं त्यात धरलंय. कारण टाचेचं रक्त कागदावर टिपून घेतात, त्या ठिपक्यांत टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं हार्मोन) वाढलेला दिसला तरी पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली नाही तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, मग टेस्ट करून उपयोग काय?

म्हणून मी सगळ्यांना सांगते, रेटबरोबर हेही विचारा की रिपोर्टमध्ये काही निघालं तर फोन कोण करणार. आमच्या वेळी लॅबमधल्या एका मुलीनं केला. मी बाळाला झोपवत होते, मोबाईल सायलेंटवर होता, तिनं चौथ्यांदा लावला तेव्हा उचलला.