रस वाटणं, मन उडणं आणि इंग्रजीतली वाक्यं

मराठीत आपल्याला रस ‘वाटतो’ आणि मन आपोआप ‘उडतं’. बोलणारा माणूस ‘मला’, ‘माझं’ म्हणत बाजूला उभा असतो. इंग्रजीत तोच कर्ता होतो, आणि बहुतेक चुका इथेच सुरू होतात. ‘माझा इंटरेस्ट गेला’ हे मनात ठेवून ‘माय इंटरेस्ट इज गॉन’ म्हटलं जातं. सहज इंग्रजी आहे ‘आय लॉस्ट इंटरेस्ट इन इट’. त्यात ‘माय’ लागत नाही, ‘इन’ मात्र सोडायचं नाही. ‘शो इंटरेस्ट’, ‘लूज इंटरेस्ट’ यांतही मध्ये काही नको. पण ‘टेक ॲन इंटरेस्ट इन’मध्ये ‘ॲन’ हवंच.

‘आय ॲम बोरिंग’ ही चूक टाळायला मराठीच मदतीला येते. कंटाळलेला तो ‘बोर्ड’, कंटाळवाणा तो ‘बोरिंग’. ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’ची जोडीही तशीच.

‘इंटरेस्टेड’पुढे काय येतं याकडे नीट लक्ष द्यावं. एखादी गोष्ट करायची इच्छा असेल तर ‘इंटरेस्टेड इन जॉइनिंग’. ‘इंटरेस्टेड टू’ शोभतं ते ऐकणं, पाहणं, जाणून घेणं अशा क्रियांसोबत: ‘आय वुड बी इंटरेस्टेड टू हिअर युवर व्ह्यूज’. ‘कीन’ म्हणजे उत्सुक किंवा आवड असलेला; त्याचं गणित वेगळं आहे. नामाआधी ‘कीन ऑन’, क्रियापदाआधी ‘कीन टू’. हा शब्द ब्रिटिश बोलण्यात जास्त ऐकू येतो, आणि ‘आय ॲम नॉट कीन ऑन इट’ हा तिथला सौम्य नकार आहे. ‘आय ॲम इनटू फोटोग्राफी’ मित्रांत छान, नोकरीच्या अर्जात नको.

कुतूहल चाळवलं म्हणायला ‘इट पीक्ड माय इंटरेस्ट’. हा ‘पीक’ टोचणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे आणि त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘क्यू’ असतो. शिखर आणि डोकावणे या अर्थांचे दोन ‘पीक’ उच्चाराला अगदी तसेच असल्यामुळे त्यांचं स्पेलिंग इथे घुसतं. तेही खरे शब्दच, त्यामुळे स्पेलचेक बऱ्याचदा गप्प राहतो.

रस जाण्याच्या छटा जास्त बारीक आहेत, आणि माझ्या मते शिकायला त्याच जास्त मोलाच्या. ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ म्हणजे कॉफीवरून मन उडालं. आधी आवड असायला हवी. मुळात कधीच न आवडलेल्या गोष्टीला हे लागत नाही. तिथे ‘इट्स नॉट माय कप ऑफ टी’ म्हणावं. त्यात गोष्टीला नावं ठेवलेली नसतात, फक्त ‘माझ्या आवडीचं नाही’ एवढंच. मात्र ‘तो माझा प्रांत नाही’ या अर्थी ते वापरू नका. तो मुद्दा जाणकारीचा आहे, आवडीचा नाही. ‘द नॉव्हेल्टी वोअर ऑफ’ला तर आपल्याकडे नेमका जोडीदार आहे: नव्याचे नऊ दिवस सरले. इथे कर्ता नवलाई आहे, माणूस नाही. ‘रन आउट ऑफ स्टीम’ वाफेच्या इंजिनावरून आलं. त्यात जोर संपतो, आवड शिल्लक असू शकते. अर्धवट राहिलेल्या कामाबद्दल बोलताना हा फरक जपावा.

सर्वांत जपून वापरायचं ते ‘आय डोन्ट केअर’. ‘काहीही चालेल’ असं सांगायचं असताना ते तोंडून निघतं आणि ऐकणाऱ्याला ‘मला काय त्याचं!’ असं लागतं. ‘चालेल’साठी ‘आय डोन्ट माइंड’ आहे. ‘आय कुडन्ट केअर लेस’ त्याहून तिखट: आस्था आधीच शून्य, आता आणखी कमी होणार कशी? अमेरिकेत नकार गाळून ‘कुड केअर लेस’ही त्याच अर्थाने म्हणतात, पण शिकणाऱ्याने नकार ठेवलेलाच बरा.

शेवटी ‘डिसइंटरेस्टेड’. यातला ‘इंटरेस्ट’ म्हणजे हितसंबंध. म्हणून चांगला न्यायाधीश डिसइंटरेस्टेड हवा, पण अनइंटरेस्टेड मुळीच नको. नाहीतर खटला ऐकताना त्याचं लक्षच नसेल. बोलण्यात दोन्ही शब्द सर्रास मिसळतात. त्यामुळे ‘रस नसलेला’ असं लिहायचं असेल तर ‘अनइंटरेस्टेड’च लिहावं, कारण ‘डिसइंटरेस्टेड’ वाचणारा दोन्हींपैकी कोणताही अर्थ घेऊ शकतो.