मॉल्डनचं शिजवलेलं मीठ

आमच्या उरणकडे मीठ पिकतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हावर सोडायचं. राबणाऱ्यांचे पाय खारवतात ते वेगळं. पण समुद्रापासून शेकडो मैल आत, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात मीठ कुठून पिकणार? तिथे ते शिजवायचे. तेच बघायला कोलंबसहून गाडी काढून मॉल्डनला गेलो. चार्ल्सटनपासून जवळच, कनॉवा नदीकाठचं पेंगुळलेलं गाव.

इथल्या खाऱ्या झऱ्यांवर 1797 मध्ये एलिशा ब्रुक्सने ओळीने कढया मांडून भट्टी लावली. पण पाणी फिकं, मीठ कमी. 1806 मध्ये डेव्हिड आणि जोसेफ रफनर हे भाऊ खोल जायच्या मागे लागले. सिकामोरचं पोकळ खोड घेतलं, आत माणूस मावेल एवढं, आणि चिखलात उभं केलं. आतला माणूस खणतोय, बादलीने गाळ वर जातोय, खोड खाली खाली बसतंय. आपल्याकडे विहिरीत कडं उतरवतात, अगदी तसंच! खडक लागल्यावर लवचीक लांब खांबाला लोखंडी पहार टांगली. खांब दाबला की पहार खडकावर आपटायची, सोडला की वर यायची. असं ठोकत ठोकत खडकात 40 फूट. 1808 च्या जानेवारीत कसदार पाणी लागलं. त्यात वरचं गोडं पाणी शिरू नये म्हणून लाकडाच्या दोन पन्हाळी जोडून, वर सुतळी गुंडाळून नळ केला. पाइपसुद्धा घरचाच.

पुढे भट्ट्या वाढल्या, मीठ सिनसिनाटीच्या मांस खारवणाऱ्यांकडे जाऊ लागलं. भट्ट्यांवर गुलाम राबत, त्यातले कित्येक पूर्व व्हर्जिनियातल्या मालकांकडून भाड्याने आणलेले. भाड्याने! गुलामी संपल्यावर, पुढे कृष्णवर्णीयांचा मोठा नेता झालेला बुकर टी. वॉशिंग्टन लहानपणी इथे सावत्र वडिलांबरोबर पहाटे चारला कामाला लागायचा. सावत्र वडिलांच्या मिठाच्या पिंपांवर 18 हा आकडा घालत. त्याला वाचता आलेला पहिला आकडा तोच.

आता गावात एका जुन्या मीठवाल्या घराण्याने पुन्हा मीठ काढायला घेतलंय, विहिरीच्याच पाण्याचं. पण भट्टी नाही, पारदर्शक छपराखाली नुसतं ऊन. म्हणजे इथेही मीठ पिकायला लागलं म्हणायचं. चिमूटभर जिभेवर ठेवलं. कुरकुरीत, पटकन विरघळणारं.

रात्री बाबांना फोन केला. पोकळ खोडाचं सगळं साग्रसंगीत सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न, "अरे, पण सरपण किती लागत असेल?"

"आसपासचे डोंगर बोडके झाले, बाबा. 1817 पासून मग कोळसा."

"वाटलंच मला."