तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कड्या का ठेवल्या?

नागपूरच्या सक्करदरा चौकात सिग्नलला उभी असले की शेजारच्या गाडीवरचं कोणीतरी विचारतंच. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर तर हमखास. "मॅडम, गाडी एवढी छान केली, मग मागच्या ह्या लोखंडी कड्या का नाही काढल्या?"

कड्या म्हणजे दुधाच्या कॅन टांगायच्या. माझ्या राजदूत मोटारसायकलच्या मागे, चेसिसलाच वेल्डिंग करून बसवलेली अँगलची चौकट आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाकवलेल्या जाड सळ्या आहेत. बाकी गाडी काळी कुळकुळीत, टाकीवर हाताने ओढलेली लायनिंग, आणि मागे हे. सिग्नल सुटायच्या आत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गाडी 1978 ची, राजदूत 175. आमच्या हनुमान नगरात कितीतरी वर्षं याच गाडीवरून दूध यायचं. उमरेड रोडकडच्या एका गावातले काकाजी पहाटे साडेपाचला यायचे. आधी गाडीचा आवाज, मग मापट्याचा. त्यांचं वय झालं, दूध टाकणं सुटलं आणि गाडी गोठ्यात उभी राहिली. त्यांचा मुलगा ती भंगारात किलोवर देणार आहे असं कळलं, तेव्हा मी गेले. काकाजी म्हणाले, "घेऊन जा बाई, गंजून राहिली ते. पन चालंल काय आता?"

पैसे देण्याआधी चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला, गाडी नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या घेतल्या. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते. इंजिन दुरुस्त होतं, कागद होत नाहीत.

मग ते इंजिन. किक खालीच जाईना. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर घालतात ते) ओतलं, दोन दिवस तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पिस्टन हलला, पण सिलिंडरमध्ये गंजाच्या रेघा होत्या. लेथवाल्याकडून बोर करून आणलं, एक साइझ मोठा पिस्टन टाकला. टू-स्ट्रोकमध्ये लोक पिस्टन-रिंग बदलून मोकळे होतात आणि क्रँकचे ऑइल सील, म्हणजे क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-ऑइल अडवणाऱ्या रबरी चकत्या, विसरतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते सील कडक होतात. एका बाजूने हवा आत ओढली जाते, हवा जास्त आणि पेट्रोल कमी असं मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि नवा पिस्टन पुन्हा जाम होतो. गिअरबॉक्सच्या बाजूचा सील गेला असेल तर तिथलं ऑइल जळून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. म्हणून मी इंजिन पूर्ण खोललं.

काम नवतपात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत आलं. पहाटे पाच ते नऊ एवढीच वेळ, त्यानंतर पाना हातात धरवत नाही. पण त्या उन्हाचा एक उपयोग झाला. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, अॅल्युमिनियमची असते, तापली की फुगते. ती दुपारी दोन तास टिनाच्या छतावर ठेवली. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये होतं. शेवटी थोडी हीट गन मारली, लाकडी ठोकळ्याने दोन हलके ठोके दिले आणि बेअरिंग जागेवर बसलं. हातोड्याने ठोकत बसले असते तर केस चिरली असती.

टाकीत गंजाची पोपडी होती. बोहारीणही घेणार नाही अशी तिची अवस्था, पण पत्रा जाड होता. लिंबूसत्त गरम पाण्यात विरघळवून टाकी अगदी गळ्यापर्यंत भरली, कारण अर्धवट भरली तर वरचा कोरडा भाग पुन्हा गंजतो. दुसऱ्या दिवशी ते काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, लगेच वाळवली आणि आतून टू-टी ऑइल फिरवलं. पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर नवे घातले. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मी कार्बोरेटर रिकामा करते.

हे सगळं झाल्यावर रंगाच्या आधी कड्यांची पाळी आली. कापायचं ठरलंच होतं. खडूने खूण केली, ग्राइंडरला नवी चकती लावली. खूण करताना लक्षात आलं की दोन्ही कड्या सारख्या नाहीत. सायलेन्सरच्या बाजूची कडी दुसरीपेक्षा चार बोटं बाहेर होती. आधी वाटलं अपघातात वाकली असेल. पण वाकल्याची खूण कुठेच नव्हती. सळई मुद्दाम तेवढी लांब घेतलेली होती. मी ग्राइंडर खाली ठेवला आणि काकाजींना फोन लावला.

"सायलेन्सरनं कॅन तापे ना बाई," ते म्हणाले. "उन्हाळ्यात तं दूध फाटूनच जाय. मंग वेल्डिंगवाल्याले म्हटलं, हे बाजू चार बोटं बाहेर काढ."

मग गाडीचा तोल कसा सांभाळायचे, विचारलं. "तिकडच्या कॅनमंदी जरा जास्त भरो," म्हणाले. बाहेरची कॅन जास्त ओढते, म्हणून आतल्या कॅनमध्ये दूध जास्त. काकाजी चौथी शिकलेले.

त्यानंतर मी गाडी नव्याने पाहायला लागले. मागच्या चाकाचे आरे जास्त जाड होते. मागच्या स्प्रिंगा दुसऱ्या, कडक. 40 लिटरच्या दोन कॅन भरल्या तर नुसत्या दुधाचंच वजन 80 किलोच्या वर जातं, वर काकाजी. म्हणजे मी ज्याला मोडतोड समजत होते तो प्रत्येक बदल कुणीतरी विचार करून केलेला होता.

मूळ, मूळ म्हणतो आपण, पण राजदूतचं मूळ तरी कुठलं? पोलंडच्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्सने ती फरिदाबादला बनवली. 173 सीसीचं साधं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर. इंजिन इतकं सुटसुटीत की खेड्यातला मिस्त्रीही झाडाखाली बसून खोलायचा. म्हणूनच ती दूधवाल्यांची गाडी झाली. कंपनीतून निघाली तेव्हाचं तिचं रूप मला फोटोत कुठेही पाहता येईल. चार बोटं बाहेर काढलेली कडी दुसऱ्या कुठल्या गाडीवर सापडेल?

एका इंजिनिअरिंगच्या मुलाने याच कड्यांवरून मला अडवलं होतं. त्याच्याकडे आजोबांची येझदी रोडकिंग आहे, तिचा बॉबर, म्हणजे मागचा भाग छाटलेली एकट्याच्या सीटची गाडी, करायचा होता. "मावशी, तुम्ही जुन्या माणसाचा बदल ठेवता, मग मी बदल केला तर काय बिघडलं?" प्रश्न बरोबर होता. मी त्याला म्हटलं, मडगार्ड काढ, सीट काढ, हँडल बदल, पाना लावून जे निघतं ते सगळं कर. निघालेला प्रत्येक भाग ऑइलच्या फडक्यात गुंडाळून ठेव. चेसिसचा मागचा भाग मात्र कापू नकोस. एक तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये ते बसत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. दुसरं म्हणजे काकाजींनी गाडीला जोडलं होतं, तू कापून फेकणार आहेस. त्याने एकट्याची सीट बोल्टवर बसवली. छान दिसते. आजोबांना मागे बसवायचं असलं की जुनी सीट लावतो.

माझे बदलही आहेत, लपवत नाही. मागचा दिवा 6 व्होल्टचा एलईडी केला, कारण वर्धा रोडवर अंधारात मागून येणाऱ्या ट्रकला मी दिसले पाहिजे. जुना बल्ब बिस्किटाच्या डब्यात आहे.

गाडी सुरू झाल्यावर गावाला घेऊन गेले. काकाजींनी रंगाकडे पाहिलं नाही. खाली वाकून सायलेन्सर आणि कडी यांच्यामध्ये हाताची चार बोटं घातली, मोजली आणि मुलाला म्हणाले, "पाय, तशीच हाये."

आता राहिला दुसरा प्रश्न, तोही विचारतात: विंटेज नंबर घेणार का? 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षं झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. पण गाडी मूळ रूपात हवी, चेसिसमध्ये बदल नको. माझ्या गाडीची 50 वर्षं 2028 मध्ये भरतील. त्या नंबरसाठी कड्या कापाव्या लागतील. मी अर्ज करणार नाही.